अकरावीचे कैवारी

"अकरावी काढून तर बघा म्हनावं!" तोंडात टाचण्या धरून सोनई गावचे आमचे शिंपीमामा सरकारला दम देत होते. शाळा अकरावीऐवजी दहावीलाच संपवायची चर्चा निघाल्यापासून त्यांचं मशीन कमी आणि तोंड जास्त चालायचं. "व्हय ना ताई? तुमी कॉन्व्हेंटवाल्या!" अशी माझी साक्षही काढायचे. मी नुसती हसायची.

त्या दिवशी गिऱ्हाइकं गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच टाचण्या काढून ठेवल्या.

"आमच्या म्हाताऱ्या आयनं ठरीवलंय, शाळा सुटली की माज्या पोरीचं लगीन. अकरावी गेली तर पोरीचं एक वरीस गेलं बघा."

आत पोर मोठ्यानं भूगोल पाठ करत होती.

"मामा," मी म्हणाले, "दहावीनंतर कॉलेज आहे. आजींशी मी बोलते."