बांधीतून बांधीत झिरपणारी वीज

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास पवनीच्या बाजारगल्लीत सुखरामचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मधोमध एक निळा पडदा. पडद्याच्या पुढे सुखराम बसायचा आणि बोलायचा. पडद्याच्या मागे त्याची बायको धुरपता बसायची आणि काम करायची.

"सुखरामभाऊ, ट्रांझिस्टर खरखर करून राहिला ना," म्हणत गिऱ्हाईक यायचं.

सुखराम ट्रांझिस्टर कानाशी धरायचा, डोळे मिटायचा, नाडी सापडल्यासारखा "हंऽ" म्हणायचा आणि तो पडद्याखालून हळूच मागे सरकवायचा.

"काय बिघडलं असंल?"

"उद्या सांगतो. अशा गोष्टीत घाई नाई चालत."

घाई नाही चालत, कारण धुरपताची भाजी चुलीवर असायची.

धुरपताचं माहेर आसगावचं. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत वाढलेली पोर. लग्न होऊन आली तेव्हा सुखराम एक रेडिओ उघडून बसला होता. त्यातली पाटी त्याने उलटी केली आणि ही चहाचा कप हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"अगा माय! ह्या तर बांध्या."

"कायच्या बांध्या वो? सर्किट हाय ते."

पण तिला दिसत होतं ते दिसतच होतं. झाळलेल्या कथलाचे चमकते थेंब म्हणजे रोवणीच्या आधी पाण्याने भरलेल्या बांध्या. त्यांच्यामधल्या कोरड्या रेघा म्हणजे पाणी अडवणारे मातीचे धुरे. आभाळात कुठेतरी उंच तरंगत आपण सगळं शिवार बघतो आहोत, असं तिला झालं. चहा निवून गेला. पुढे सुखरामच्या हाताला कंप सुटला, सोल्डरची तापती सळई नेमकी टेकवणं त्याला जमेना, तेव्हा ती त्याच्या जागी बसली ती याच एका समजुतीवर. ज्या बांधीचं पाणी, ते त्याच बांधीत राहिलं पाहिजे. धुरा फुटला की भांडण. विजेचंही तसंच.

झाळताना ती राळ वापरायची. तापत्या टोकाला राळेचा खडा लागला की देवळातल्या धुपासारखा धूर उठायचा. धुरपता त्या धुरात हरवून जायची. चिमणीएवढं शिवार तळहातावर आणि वर हा ढग.

"धूर खाऊ नको वो," पडद्यापलीकडून सुखराम ओरडायचा. "पोटात देऊळ बांधतेस का?"

त्या हिवाळ्यात तारामामा दुकानात आला. ताराचंद नाव, पण सगळे त्याला तारामामाच म्हणत. पवनीच्या खालच्या अंगाला वैनगंगेवर त्याची नाव चालायची. पलीकडून कुणी "ओ मामाऽ" अशी हाक घातली की तो बांबू रोवत निघायचा. पण दोन-तीन वर्षांपासून त्याचे कान गेले होते. भाच्याने नागपुरातून खिशात ठेवायचं एक कानाचं यंत्र आणून दिलं. बिडीच्या बंडलाएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायची बोंडी. त्या दिवशी डबीच्या आतली तार तुटली होती.

"पोरी, जोडून दे वो," त्याने पडद्याकडे तोंड करून सांगितलं. मामाला सगळं ठाऊक होतं. बहिऱ्याला लोकांपेक्षा जास्त दिसतं.

नेमकी राळ संपलेली. बादल्या-कंदील झाळणाऱ्या शेजाऱ्याकडे राळेऐवजी लावायच्या पेस्टीची डबी होती. धुरपताने तिच्यातली चिमूटभर घेतली. टाका छान बसला. त्याच्याभोवती पिवळसर चिकट डाग उरला, मधासारखा. तिला तो आवडलाच. पुसायला कापड घेतलं आणि ठेवून दिलं. मामाने बोंडी कानात घातली. बाहेर घंटी वाजवत सायकल गेली, तर तो लहान पोरासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी नदीवर दाट धुकं उतरलं.

दुपारी दुकानात गिरजाबाई आली. पलीकडच्या गावाहून रोज वांग्यांची टोपली घेऊन पवनीच्या बाजाराला येणारी. आवाज पार बसलेला. मागे मान खाली घालून तारामामा.

"कोण हाय तो मिस्त्री?" गिरजाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हाका मारू मारू माह्या नरडीचा भोंगा झाला. अना हा बुवा नावेत बसून बिडी ओढून राहिला होता! वांगी सुकली माही."

"मले ऐकूच नाई आलं," मामा म्हणाला. "नुसती शिट्टी वाजे यंत्रात. मंग तेही बंद."

"मंग घरी बस ना गा! घाटावर ठरलं हाय, सांगून ठेवतो. यंत्र दुरुस्त कराले उद्याचा दिवस. परवाच्या धुक्यात नाव आली नाई, तर नाव बाबूलालची. त्याचे कान जवान हायेत. पाण्यात मासोळी वळली तरी ऐकते तो."

 मामाने डबी काढून पडद्याखालून मागे सरकवली. धुरपताला त्याची बोटं दिसली. बांबूने घट्टे पडलेली, आणि डबी सोडताना जरा रेंगाळलेली. नाव गेली तर या बोटांना दुसरं काय येतं?

तिने डबी उघडली. दुकानात ऊब होती. यंत्र पुन्हा नीट वाजायला लागलं. म्हणजे दोष तारेत नाही. ती उघड्या पाटीवर वाकली आणि हाऽ करून तोंडाची वाफ सोडली, आरशावर सोडतात तशी. कूंऽऽ! यंत्र किंचाळलं.

ती मधासारख्या डागाकडे बघत राहिली. मध कसला? दहिवराने भिजलेला चिखल तो. धुक्यातलं पाणी प्यायचा, ओला व्हायचा आणि एका बांधीची वीज दुसऱ्या बांधीत झिरपवायचा. धुरा तिनेच फोडला होता.

"धुवावं लागंल," ती म्हणाली.

"पाण्यानं?" सुखराम दचकला.

"पाण्यानं कायले? दारूसारखं काही पाहिजे. जे आपोआप उडून जाते."

हे तिच्या सासूने, सत्यभामाबाईने ऐकलं. तिचा चेहरा उजळला.

"माह्याकडं हाय ना. मोहाची. पहिल्या धारेची!"

"तुमच्याकडं कुठून आली, मामीजी?" धुरपताने सासूला विचारलं.

"गुडघ्यासाठी ठेवतो मी. चोळाले."

"चोळाले का प्याले?" सुखराम म्हणाला.

"तू गप राह्य. तुह्या बापाचे गुडघेही त्यानंच चालत होते."

पवनीकडच्या झाडीपट्टीत मोहाच्या पहिल्या धारेवर लोकांचा विश्वासच असा. जखम असो, सर्दी असो, पाहुणा असो. धुरपतानेही ठेवला. बोळा भिजवला, पाटीवरून गोल गोल फिरवला. घरभर मोहफुलांचा वास दरवळला, चैतातल्या रानासारखा. तिला वाटलं, पहाटेचं रान आहे, टपटप फुलं पडताहेत आणि आपण परकर खोचून वेचतो आहोत. डाग दिसेनासा झाला. डबी कोनाड्यात ठेवून ती झोपली.

सकाळी भिंतीवरून एक काळी रेघ हलत होती. कोनाड्याकडे. डबीकडे. डबीच्या आत.

"अवो! मुंग्या!"

मोहाची भट्टी उतू जाऊन त्यात गोड पाणी उतरलेलं असावं, किंवा सासूबाईंनी बाटलीत गूळ सोडला असावा. हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. डाग गेलाच नव्हता. गोल गोल फिरवून धुरपताने तो सगळ्या शिवारभर पसरवला होता आणि त्यावर आता मुंग्यांची जत्रा भरली होती.

सुखराम हसू लागला. मग धुरपताचं तोंड बघून थांबला.

"उद्या धुकं पडंल," ती म्हणाली. "मामाची नाव जाईल. माह्या हातानं."

सुखराम उठला, चपला घातल्या आणि दवाखान्यातल्या घनश्याम कंपाउंडरकडून कापूस आणि छोट्या बाटलीत स्पिरिट घेऊन आला.

"घनश्यामनं सांगितलं, हे पेटते. वासही डोक्यात चढते. म्हणे, भाभीले सांग, कोंडून बसू नको."

"मंग खिडकी उघडा. चूल विझवा, मामीजी. सोल्डर गार झाला का? अना तुमची ती बिडी, तिले गल्लीत नेऊन विझवून या."

"एकच झुरका राह्यला हाय वो."

"एका झुरक्यात दुकान जाईल."

तो गेला. तिने डबीतला सेल काढून दूर ठेवला. खिडकी उघडली, पण हवा पडद्याशी येऊन अडत होती. तिने पडदा धरला आणि सर्रकन बाजूला केला.

"पडदा नोको उघडू!" सुखराम दारातून ओरडला. "लोक पाहतीन!"

"पाहू द्या ना बाप्पा. वारा निघाला पाहिजे."

आणि लोकांनी पाहिलं. कापडाच्या दुकानातला तेजराम गज हातात धरून थबकला. "वहिनी करते का गा हे काम?"

"मी... मी सांगतो ना तिले," सुखराम म्हणाला.

"हाव, दिसते ना. आता तिनंच तुले गल्लीत धाडलं होतं."

सगळी गल्ली हसली. धुरपताला ऐकू आलं नसावं. ती शिवारात उतरली होती. दाढीच्या जुन्या ब्रशाचे मऊ केस कापून तिने छोटी कुंचली बांधली होती. स्पिरिट वाटीत थोडंसंच ओतून बाटलीला बूच लावलं होतं. पाटी कडांना धरून ती तिरपी केली. या वेळी गोल फिरवणं नाही. वरून खाली, एकाच दिशेने, जशी बांधी रिकामी करताना उताराकडे वाट काढतात. कुंचलीने डाग सुटायचा, ओघळायचा, खालच्या कडेला धरलेला कापूस तो पिऊन घ्यायचा. पहिला कापूस पिवळा आला. तो झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब. दुसरा बोळा, नवा. मग आणखी. यंत्र ज्यातून ऐकतं ती जाळी तिने कोरड्या कापसाने झाकून ठेवली होती, थेंबही तिकडे जाऊ दिला नाही. वास डोक्यात शिरायला लागला की ती उठून दारात उभी राहायची, श्वास भरून घ्यायची, परत यायची. दारात उभी असतानाही तिला रस्ता दिसत नव्हता. लख्ख भरलेल्या बांध्याच दिसत होत्या आणि त्यांत आभाळ.

शेवटी कापूस पांढराच्या पांढरा निघाला. पाटी सावलीत, खिडकीच्या फळीवर, वाऱ्याला ठेवली. वास पार उडून गेल्यावरच सेल आत. वाफ सोडून पाहिली. शिट्टी वाजली नाही.

"घरातली वाफ अना नदीतलं धुकं, एक नोहे," यंत्र न्यायला आलेल्या तारामामाने बोंडी कानात घातल्यावर ती म्हणाली. "मी नावेत येतो, मामा."

सकाळी घाटावर बाबूलाल आला होता. नवा कोरा बांबू खांद्यावर. तो तारामामाशी नजर भिडवत नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. मामाने बोंडी कानात घातली, डबी सदऱ्याच्या बाहेरच्या खिशात ठेवली. धुरपता लुगडं सावरून नावेत बसली आणि नाव सुटली.

थोड्याच वेळात मागचा काठ नाहीसा झाला. पुढचा आलाच नव्हता. वर, खाली, सगळीकडे तेच दुधाळ पांढरं. बांबूच्या टोकावरून थेंब गळायचे, तेवढाच आवाज. आपण नदीवर आहोत की ढगात, हे धुरपताला कळेना. तिचे केस दहिवराने भिजले. मामाच्या खिशातली डबीही भिजत होती. ती किंचाळण्याची वाट बघत धुरपता पदराचं टोक मुठीत आवळून बसली होती.

मध्येच मामाने बांबू थांबवला.

"काय झालं, मामा? शिट्टी वाजली का?"

त्याने हात वर केला. गप्प राहा. नाव आपोआप वाहत राहिली. धुरपताने कान टवकारले. काहीच नाही.

"आली," मामा म्हणाला.

"कोण? मले तर काही ऐकू नाई आलं."

"तुहे कान चांगले हायेत ना, म्हणून."

त्याने नावेचं नाक जरासं डावीकडे वळवलं आणि बांबू रोवला. धुक्यातून आधी एक झाड आलं, मग चिखलाचा काठ, मग टोपली खाली ठेवून पदराने नाक पुसणारी गिरजाबाई. नाव समोर बघून ती दोन पावलं मागे सरली.

"अगा बाप्पा! कसा आला तू? मी अजून हाक नाई मारली."

"खोकलीस ना."

गिरजाबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग धुरपताकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिने टोपली उचलून नावेत ठेवली आणि स्वतः चढून बसली.

"चाल मंग लवकर," ती म्हणाली. "तिकडं बाबूलाल उभा असंल थंडीत. त्याले घरी पाठवाचं हाय."