छत्रीवाल्या राक्षसापासून सुरुवात

"थांब. इथं हसू आलं का तुला?" काकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"नाही आलं, काका. झोप यायला लागलीय."

"मग रिजेक्ट. ठेव वर."

मी पुस्तक कपाटात परत ठेवलं. बरेच दिवस आमचं हेच चाललं होतं. दुपारचं जेवण झालं, गोळ्या झाल्या, की मी एक पुस्तक काढायचं, थोडं मोठ्यानं वाचायचं, आणि काकांनी ते पास की नापास ठरवायचं. ठरवायचं माझ्या हसण्यावरून.

मी लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळते. ब्युरोवाले आम्हाला अटेंडंट म्हणतात. ब्युरो म्हणजे जिथून आम्हाला घरं मिळतात ते ऑफिस. नर्स वेगळी. नर्स इंजेक्शन देते. आम्ही अंघोळ, जेवण, गोळ्या, कूस बदलणं हे बघतो. ब्युरोच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मंगल, पेशंटचं काम करायचं. घरच्यांच्या भानगडीत तोंड घालायचं नाही." मला ते सोपं गेलं. मी तशीही कमी बोलते. नव्या माणसासमोर बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो.

हे घर वाकडला, अकराव्या मजल्यावर. काका चाकणच्या एका कंपनीतल्या टूलरूममधून रिटायर झालेले. टूलरूममध्ये साचे बनवतात, ज्यांच्यावर पुढं गाडीचे पार्ट निघतात. शुगरनं काकांची नजर गेली होती. समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं, अक्षर दिसत नव्हतं. हृदयाचं पंपिंगही कमी झालं होतं. असं झालं की अंगात पाणी साचतं. म्हणून पाणी मोजून, जेवण बिनमिठाचं, आणि रोज सकाळी वजन. वजन एकदम वाढलं तर पेशंट सुधारला असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ते पाणी असतं. घोट्यावर बोट दाबलं आणि खळगा तसाच राहिला की समजायचं.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची मुलगी, ऋचाताई. आयटीत. शेजारच्या खोलीत दार लावून दिवसभर कॉलवर. ताई बापाचं करत नव्हत्या असं नाही. सकाळचं वजन त्या स्वतः येऊन बघायच्या, डॉक्टरांशी बोलायच्या, औषधं कधी संपू दिली नाहीत. पण बाप-लेकीचं बोलणं तेवढंच. आकडा, गोळी, अपॉइंटमेंट. ताईंची आई फार पूर्वीच गेली होती.

पुस्तकं सगळी एकाच मालिकेतली. तिरपागड नावाच्या किल्ल्याच्या गोष्टी. हा किल्ला एका बाजूला कललेला. तिथं आमटी ताटाच्या एकाच कडेला जमते आणि राजा सिंहासनावरून रोज घसरतो. राक्षस, जादूगार, बोलणाऱ्या घोड्या, सगळं आहे, पण सगळी थट्टा. तीसेक पुस्तकं असतील. काका तरुणपणापासून एकेक घेत आले होते.

मला वाचायला सांगितलं तेव्हा मी घाबरले. "काका, माझी शाळा चौथीपर्यंत. मी बोट ठेवून वाचते."

"तसंच पाहिजे. यातलं काही ठाऊक नसलेलं माणूस हवंय मला." मग त्यांनी समजावलं. "नवा साचा झाला की लगेच ढीगभर माल काढत नाहीत. एकच नग काढतात. तपासतात. त्याला फर्स्ट पीस म्हणतात. तो ओके झाला तरच पुढचा माल. तू माझा फर्स्ट पीस."

"आणि पुढचा माल कोण?"

काकांनी मान शेजारच्या दाराकडे वळवली. "ती. तिला एक तरी पुस्तक आवडलं पाहिजे. मी जायच्या आत. कुठून सुरू करून द्यावं, तेवढं मला ठरवायचंय."

"मग ताईंनाच विचारा ना."

"एकच चान्स आहे, मंगल. पुन्हा माल बिघडला तर ती परत हात लावणार नाही."

पुन्हा म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

पहिल्या नंबरचं पुस्तक आधी वाचलं. त्यात राजाच्या पणजोबापासून सगळी वंशावळ आणि किल्ला कलला कसा याचीच गोष्ट. काका मध्ये मध्ये म्हणायचे, "हे पुढं लागतं बरं का." पण पुढं लागणारं आज कसं गोड लागणार? ते नापास. मग सगळ्यात नवं पुस्तक काढलं. त्यात सगळे एकमेकांना ओळखत होते.

"कसं वाटलं?" काकांनी विचारलं.

"नवऱ्याकडच्या लग्नात गेल्यासारखं. सगळे हसतायत, मीच परकी."

काका इतके हसले की त्यांना धाप लागली. मला उशी वर करून पाठीला टेकू द्यावा लागला. "हे बरोबर पकडलंस. रिजेक्ट."

असं करत करत कपाटाचा बराच भाग झाला. एकाच पुस्तकावरून ते मला पुढं सरकवत होते. त्याच्या कव्हरवर छत्री घेतलेला राक्षस होता. शेवटी काढण्यासारखं दुसरं राहिलं नाही तेव्हा म्हणाले, "बरं. ते काढ."

त्यात असं होतं. तिरपागडच्या वेशीवर टोलनाका. टोल न देणाऱ्याला राक्षसानं खायचं, असा नियम. पण नाक्यावर नेमला गेलेला राक्षस निघतो माळकरी. कांदासुद्धा चालत नाही. आता नोकरी टिकवायची कशी? म्हणून तो नवा नियम काढतो. जो टोल देणार नाही, त्यानं राक्षसाच्या हातचं जेवायचं. दुसऱ्या दिवसापासून लोक टोल देतात आणि सुट्टे परत घ्यायलाही थांबत नाहीत. मग एक राजपुत्र येतो. म्हणतो, मी नाही देत जा, वाढ तुझं ताट. पहिला घास तोंडात जातो. राक्षस पंच्याला हात पुसत अदबीनं विचारतो, "मीठ बरोबर झालंय ना?" राजपुत्र काही न बोलता घोडा, तलवार आणि राज्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवतो.

मला हसू फुटलं. मी तोंडाला पदर लावला, तरी थांबेना. बोट ठेवलेली ओळच सापडेना.

"फर्स्ट पीस ओके," काका म्हणाले. पण ते हसत नव्हते.

मग सांगायला लागले. "ऋचा आठवीत होती. चित्र बघून तिनं हेच उचललं होतं. मी हातातून काढून घेतलं. म्हटलं, आधी पहिलं, मग दुसरं. आमच्याकडं प्रोसेस शीट असते, मंगल. आधी ड्रिल मारायचं, मग आटे पाडायचे. उलटं केलं की माल भंगारात. मला वाटलं, पुस्तकांचंही तसंच. तिनं पहिलं नेलं. उशीखाली राहिलं, आणि तसंच परत आलं. मी वाट बघत बसलो ती मागेल म्हणून. तिनं पुन्हा कपाटाकडं बघितलं नाही." मग म्हणाले, "तिनं बरोबर उचललं होतं."

मी त्यांची कूस बदलली.

"ती इथं हसणार," ते पुढं म्हणाले. "मीठ बरोबर झालंय ना, इथंच. तिची आई गेल्यावर मी स्वयंपाक करायचो. दुधीची भाजी अशी व्हायची की विचारू नकोस. आणि रोज हेच वाक्य मी तिला विचारायचो. ती ताटाकडं बघून म्हणायची, बाबा, मी सगळा पॉकेटमनी देते, पण हे नको."

त्यांनी ड्रॉवरमधून पोलादाची एक पातळ पट्टी काढायला लावली. दोन पार्टमधली फट मोजायला असते ती, फीलर गेजची. ती त्या पानात ठेवायला सांगितली. "पहिल्या पानापासूनसुद्धा नको. इथून."

संध्याकाळी ताई डोकावल्या. काकांनी विचारलं, "या रविवारी तासभर बसशील का माझ्यापाशी? काही वाचायचंय."

"बाबा, या रविवारी रिलीज आहे माझं." रिलीज म्हणजे त्यांचं नवं काम त्या दिवशी चालू होणार होतं, सगळी टीम लॅपटॉपला चिकटलेली. "पुढच्या रविवारी नक्की. काय वाचायचंय पण?"

"ते तेव्हाच."

ताई हसून गेल्या. मी काकांकडं बघितलं. "मी सांगू का ताईंना?"

"नको. मीच सांगणार. तू फक्त वाच, तुझा आवाज बरा आहे."

ते आठ दिवस काका अगदी तरतरीत होते. बिनमिठाची भाजी पुढं केली की म्हणायचे, "आलं राक्षसाचं ताट. हा घे माझा टोल," आणि आता कामाचा न उरलेला चष्मा मला काढून द्यायचे. पण वजन चढत होतं. घोट्यावरचा खळगा भरेना. मी ताईंना दाखवला, ताईंनी डॉक्टरांना फोन केला, पाण्याची गोळी वाढवली. बुधवारी थोडं उतरलं. शुक्रवारी दुपारी काकांना श्वास घेता येईना. ओठ निळे दिसायला लागले. ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी माझा हात धरला. तोंडावर मास्क होता, तरी मला ऐकू आलं.

"पट्टी काढू नकोस."

आयसीयूत अटेंडंटला घेत नाहीत. मी बाहेर खुर्चीवर बसले, मग ब्युरोनं घरी जायला सांगितलं. रविवारी सकाळी फोन आला. तोच पुढचा रविवार.

आमच्या कामात एक गोष्ट आहे. पेशंट गेला की त्या घरात आपलं काही उरत नाही. नातेवाइकांना सुतक असतं, भेटायला माणसं येतात. आपण दुसऱ्या घरी ड्यूटीवर. तेराव्यानंतर मी माझा डबा आणि घरातली चप्पल आणायला गेले, तेव्हा भाड्याचा पेशंट-बेड न्यायला माणसं आली होती. त्यांनी तो माझ्यासमोर खोलून नेला. ताई जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होत्या.

"वाचनालयाला देतेय, मंगलताई," त्या म्हणाल्या. "मी एकही वाचलेलं नाही. ठेवून काय करू? नुसती बघत बसू?"

मला मॅडमचं वाक्य आठवलं. तरी मी खोक्यात हात घातला आणि छत्रीवाला राक्षस काढला.

"ताई, एवढं देऊ नका."

त्यांनी कव्हर बघितलं. बघतच राहिल्या. "हे मी आठवीत..."

"काकांनी सांगितलं मला. ते म्हणाले, तिनं बरोबर उचललं होतं."

"असं म्हणाले?"

"हो. रविवारी तुम्हाला हेच ऐकवणार होते."

ताईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. मग त्यांनी पहिलं पान उघडलं. मी म्हणाले, "तिथून नाही. पट्टी आहे तिथून."

पट्टी सापडली. ती त्यांनी बोटांत धरून ठेवली. पुस्तक माझ्या हातात दिलं. "मला अक्षर दिसत नाहीये. तुम्ही वाचा."

मी बोट ठेवून वाचायला लागले. टोलनाका, माळकरी राक्षस, राजपुत्राचा पहिला घास. माझा आवाज फार हळू येत होता. मग ते वाक्य आलं. "मीठ बरोबर झालंय ना?"

ताई हसल्या. चांगल्या मोठ्यानं, लहान मुलीसारख्या. आणि हसता हसता वळल्या. "बाबा, हे तर तुम्ही..."

तिथं बेडच्या चाकांचे डाग होते, फरशीवर.

पीस ओके होता. ओके म्हणणारा नव्हता. मी पुस्तक मिटलं नाही, पट्टीही मागितली नाही. ताईंच्या पाठीवर हात ठेवून बसले. कामाच्या घरी पेशंट नसलेल्या माणसाच्या अंगाला मी पहिल्यांदाच असा हात लावला.

पुस्तकं वाचनालयात गेली नाहीत. मध्यंतरी ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "मंगलताई, पहिलं पुस्तक खरंच कंटाळवाणं आहे हो." मी म्हटलं, "पुढं लागतं ते."

आता मी निगडीला एका आजींकडं असते. त्यांचंही पंपिंग कमी आहे. मुलगा चांगला आहे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, कामात असतो. आजींनी काही मागितलं की तो म्हणतो, "पुढच्या रविवारी बघू." मी त्यांच्या भानगडीत तोंड घालत नाही. सकाळचं वजन तेवढं त्याला दारात उभं करून सांगते, आणि ते कशाचं वजन आहे तेही सांगते.