सिद्धूची तीन मरणं

तुकाबाई,

अहो-जाहोनं लिहिते आहे, तोंड वाकडं करू नका. तुम्ही मला शेवटपर्यंत अगं-तुगं केलंत आणि मी तुम्हाला तुम्ही म्हणत राहिले. "येवढा मान का देतीया ही, काय काढून घ्यायचंय हिला?" असा त्याचाही तुम्हाला संशय. परवा तुमचा सिद्धू आला होता, नातवाच्या जावळाचं आमंत्रण घेऊन. त्याला पाहिलं आणि आपलं राहिलेलं काम आठवलं. तुम्ही तर गेलात. म्हणून हे कागदावर.

वाचणाऱ्यांना तुम्ही ठाऊक नाहीत, तेव्हा सांगून टाकते. तुम्ही भरे गावच्या धनगर, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक सिद्धू. मी उरवड्याच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी. आमच्या कॅन्टीनला तुम्ही शेळीचं दूध घालायचात. माप आमचं, तर मापावर संशय. घरून माप आणलंत, तर ओतणाऱ्यावर. सकाळचा भोंगासुद्धा तुमच्या मते मालक मुद्दाम लवकर वाजवायचा.

त्र्याऐंशीच्या दसऱ्याला मुंबईची एक फिल्म कंपनी भरे गावामागच्या बंद खाणीत उतरली. पैसे संपले की जायची, मिळाले की परत यायची. असं होळीपर्यंत चाललं. पिक्चरची गोष्ट अशी: इसवी सन दोन हजार पन्नास. देश आता लढाया करत नाहीत, त्याऐवजी मैदानात खेळाडू सोडतात. खेळाडूंच्या हातात साखळी, साखळीला लोखंडी गोळा, काहीजण मोटारसायकलवर. जो संघ शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला. हा भविष्यकाळ दाखवायला कंपनीनं जुन्या मोटारसायकलींना चंदेरी रंग फासला होता, टायर कापून माणसांच्या खांद्यांवर बांधले होते आणि डोक्यांवर घातले होते पत्र्याचे डबे. मी एकदा पाहून आले आणि घरी येऊन हसत सुटले. सिद्धूला त्यांनी खेळाडू म्हणून घेतला. मेंढरांमागं पळून त्याचे पाय तयार झालेलेच होते.

होळी झाली, कंपनी गेली आणि सिद्धूही गेला. "मुंबईला काम देत्यात म्हनला," एवढंच तुमच्या दिरानं, येसाजीनं, येऊन सांगितलं. मग वर्ष उलटलं तरी काही खबर नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमचा फिटर नथू कॅन्टीनमध्ये खिदळत आला. "म्हातारे, तुजा सिद्धू पिरंगुटला मेला की! काल बगितला."

तुम्ही दुधाची किटली खाली ठेवलीत. "कुटं मेला?"

"पिक्चरात गं. भिकूच्या व्हिडिओत."

"पिक्चरात तर पिक्चरात. मेला का न्हाई ते सांग."

नथूचं हसू तिथंच आटलं. तुम्ही माझ्याकडं वळलात. "बाई, तुला इंग्रजी येतंय. चल."

भिकूचा व्हिडिओ म्हणजे पत्र्याची एक खोली, खिडक्यांना गोणपाट, आत टीव्ही आणि घामाचा वास. दुपारचा खेळ होता. परदेशात विकायचा म्हणून पिक्चरवर इंग्रजी आवाज चढवले होते. ओठ एक बोलायचे, आवाज दुसरंच. शिट्ट्या मारायला आलेले लोक आपल्या दोघींना पाहून जरा सरकून बसले.

सिद्धू आला. निळा डबा घातलेला. गोळा लागला आणि तो खाणीच्या कडेवरून खाली गेला.

"त्यो बगा, आपला सिद्धू ग्येला!" भिकू अभिमानानं ओरडला.

थोड्या वेळानं तोच सिद्धू लाल डब्यात आला. मोटारसायकल अंगावरून गेली.

मागून कोणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर मगाशी मेला!"

"दोन हजार पन्नास हाय ते. तवा उटत असत्याल परत!"

खोली हसली. शेवटच्या सामन्यात तो पुन्हा आला, डब्याशिवाय. छातीत गोळा, डोळे उघडे, चेहरा टीव्हीभर. मागच्या टेकडीवर तुमचीच मेंढरं चरत होती, दोन हजार पन्नासात. तुमच्या डोळ्यात टिपूस नाही. तुम्ही पापणीही न हलवता बघत होतात, दूध ओतणाऱ्याकडं बघायचात तशा.

बाहेर आल्यावर म्हणालात, "शेवटल्या बारीला उटला न्हाई तो."

मी समजावलं, पिक्चर ओळीनं काढत नाहीत, पुढचं आधी काढतात, मागचं नंतर, मग जोडतात. हे सांगायला नको होतं.

"मग त्यातलं शेवटलं मरान कंचं?"

मला वाटलं, आता हिला गप्प करते. "हे बघा, तिसऱ्या वेळी टेकडी हिरवीगार होती, म्हणजे दसरा. पहिल्या वेळी गवत वाळलेलं, म्हणजे होळी. म्हणजे त्या तिसऱ्या मरणानंतरही तो चांगला हिंडत होता."

"म्हंजी खाणीवरनं पडला ते शेवटलं."

"अहो, त्यानंतरच तो मुंबईला गेला. येसाजीला सांगून गेला ना?"

"आसं येसाजी सांगतोय. तू व्हतीस तितं?"

मी कुठली असणार!

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनला दूध आलं नाही. तुम्ही खाणीच्या तळाशी काठीनं दगड उलथत होतात.

श्रावणात सिद्धू आला. समोरचे दोन दात नव्हते. मुंबईत मारामारीच्या पिक्चरांत पडायचं काम करत होता. तुम्ही त्याला दारातच अडवलंत.

"हितंच थांब. पांढरीला हाक मार."

त्यानं हाक मारली. पांढरी शेळी पळत आली, त्याचा हात चाटायला लागली.

"तिचं काय, मीट दावलं तर कुनाकडं बी जाती."

"आये, मी हाय की गं!"

"हायेस तर कागूद का धाडला न्हाईस?"

"मला लिवता येतंय व्हय?"

तेव्हा कुठं तुम्ही बाजूला झालात.

मला वाटलं, संपलं प्रकरण. आठवड्यात तुम्ही माझ्या टेबलासमोर हजर. "बाई, पिरंगुटला चल परत. माजं रडायचं राहिलं."

मग तुमची रीत सांगितलीत. जित्या माणसाच्या मरणाची खोटी खबर आली की घरच्यांनी ती खरी धरून रडून घ्यायचं. रडलं की ती फिटली, माणसाचं आयुष्य वाढलं. कोरडी सोडली तर ती माणसाच्या मागं हिंडत राहते. "तीन मरनं झाली, आन् मी एकाला बी रडले न्हाई. खरं का खोटं तेच बगत बसले."

"मग रडा की इथंच."

"हितं कसं? तो तितं घरी भाकरी खातोय. मेलेला दिसाया नको व्हय?"

रविवारी गेलो. भिकूच्या खोलीला कुलूप. परवाना नव्हता, पोलिसांनी मशीन नेलं, कॅसेटीही नेल्या. "सुटल्या की सांगतो, मावशी," भिकू म्हणाला. तुमचा त्याच्यावर विश्वास बसला नाही आणि त्या वेळी तुमचं बरोबर होतं. पुण्यातली व्हिडिओची दुकानं मी पालथी घातली. पिक्चरचं नाव सांगितलं की लोक माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघायचे. सिद्धूला ताप आला, पाय मुरगळला, बैलानं ढकललं, की तुमचा निरोप यायचा: कॅसेट घावली का? तुम्ही जाईपर्यंत ती घावली नाही.

परवा सिद्धू निघताना अंगणात हेल्मेट घालून मोटारसायकल सुरू करत होता. चंदेरी. त्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली. मी म्हटलं, "सावकाश जा रे." तो हसला, ते दोन दात अजून नाहीतच.

तो वळणापलीकडं दिसेनासा झाल्यावर मी भिकूचा नंबर शोधून फोन लावला. आता त्याची पिठाची गिरणी आहे. मागं चक्कीचा आवाज होता.

"कंची कॅसेट, बाई?" तो म्हणाला.