अक्काचा शेवगा

बारा मे. शेवग्याची छाटणी करायची होती. शेंगा संपल्या की दरवर्षी मीच करते. या वर्षी खरं तर गरज नव्हती, कारण रस्ता रुंद करणारं मशीन दुसऱ्या दिवशी ते झाडच पाडणार होतं. तरी कोयता घेऊन गेले.

चाकणच्या कंपन्यांनी वेढलेल्या आमच्या गावाच्या फाट्यावर चार झाडं होती. दारूचं दुकान बंद करायचं का, यावर गावातल्या फक्त बायकांचं मतदान झालं होतं. त्यासाठी दारोदार फिरलेल्या चौघींच्या मानाची ती झाडं. मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान बंद, उभीवर म्हणजे चालू. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच बंद, त्यामुळे जी घरी बसेल तिचं मत दुकानालाच. माझी थोरली जाऊ, आमची अक्का, पहाटे कंपनीच्या बसथांब्यावर उभी राहून पहिल्या शिफ्टच्या बायकांना अडवायची.

"बायकांच्या मतानं गाव चालायचं व्हय?" पारावरून एकानं अक्काला विचारलं.

"तुमच्या मतानं चालवून बघितलं की. रोज हातगाडीवर घालून घरी आणाय लागतंय तुमास्नी."

दुकान बंद झालं. बाकीच्या तिघींनी बकुळ, सोनचाफा, कडुनिंब निवडला. अक्कानं शेवगा. सगळे हसले.

"नुसतं बघायचं झाड काय कामाचं? शेंगा तरी खातील पोरी."

मी म्हटलं, "मग आपल्या दारातच लावू की."

"नगं. सासूबाई म्हणायच्या, दारात शेवगा आला की घरात भांडणं लागत्यात."

"आता काय कमी होतात?"

"हायती तेवढी पुरं."

होतच होती. दोरीवर आधी कोणाचे कपडे, आमटीत गूळ किती. अक्का वारली तेव्हापासून मी हवा तेवढा गूळ घालते. कोणी काही बोलत नाही.

बाकीची तीन झाडं मुळासकट उचलून शाळेच्या आवारात लावणार होते. शेवग्याचं काय, असं ठेकेदाराला विचारलं.

"मावशी, शेवगा काय झाड आहे का? फांदी खोचली की येतो."

बोलला ते खोटं नव्हतं. मनगटाएवढी जाड एक फांदी तोडली आणि खांद्यावर टाकून घरी आणली. वाटेत दोघींनी विचारलं, सरपण का? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फाट्यावर मशीन सुरू व्हायच्या आत, पहार घेतली. परसात मोकळी जागा भरपूर होती. मी खड्डा स्वयंपाकघराच्या दारातच घेतला. फांदी रोवली, वरच्या तोंडाला शेण लिंपलं, माती पायानं दाबली आणि भांडी घासल्याचं पाणी तिकडे वळवलं.