काठमांडूत दोन सावे सर

आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, तो मी नेपाळला जायला. ज्यांना माहीत आहे ते आता हसतील. नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार कार्डावर सोडतात. पण हे मला कळेपर्यंत पोलीस घरी चौकशी करून गेले होते, आईने त्यांना वाडीतले चिकू दिले होते आणि रुपेश फॉरेनला चालला ही बातमी अख्ख्या माहीमला झाली होती. (आमचं माहीम पालघरजवळचं. मुंबईचं नाही. हे मला दर नव्या माणसाला सांगावं लागतं.) आता 'तसा तो फॉरेन नाय' असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

आमचा टी.वाय. बी.कॉम.चा वर्ग. सतरा पोरंपोरी आणि वर सावे सर. सहलीची चर्चा सिंगापूरपासून सुरू झाली. मग बँकॉक, मग कोलंबो. प्रत्येकाने घरी विचारून आल्यावर परदेश जरा जरा जवळ सरकत गेला आणि काठमांडूला येऊन थांबला. राजधानी तर आहे ना, म्हणून आम्ही खूश.

माझ्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट एकच. मला नकला येतात. बाकी काही येत नाही, ते निकालावर दिसतं. बोईसरच्या रिक्षावाल्यांपासून आमच्या प्राचार्यांच्या खोकल्यापर्यंत सगळं माझ्याकडे आहे, पण सगळ्यात फेमस सावे सर. ते नाकातून बोलतात, प्रत्येक वाक्य 'असं आहे बघा'ने सुरू करतात आणि 'हं?'ने संपवतात.

या कलेमुळेच पुढची भानगड झाली.

हेमंत माझा बाकावरचा मित्र. एडवणचा. त्याचे वडील तांडेल (बोटीवरचा प्रमुख) आहेत. शनिवार-रविवार हेमंत त्यांच्याबरोबर बोटीवर जायचा, सोमवारी वर्गात येऊन झोपायचा, आणि तरी माझ्यापेक्षा दुप्पट मार्क आणायचा. हे काका त्याला सहलीला सोडायला तयार नव्हते. म्हणाले, सरांनी स्वतः फोन केला तर बघू. आणि सरांचं धोरण पक्कं होतं, "पालकांची सही आणा. मी कुणाच्या घरी फोन करणार नाही."

हेमंतने माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला.

"नमस्कार, मी सावे सर. असं आहे बघा, हेमंत म्हणजे आमच्या वर्गाचा आधार आहे. एवढा हुशार मुलगा नसेल तर सहलीला अर्थ काय, हं?"

पलीकडे काका बहुतेक उभेच राहिले. "सर, तुमी सोता फोन केलाव? मंग आमी नाय कसा म्हननार? न्या पोराला."

त्यांनी माझा नंबर 'सावे सर' म्हणून सेव्ह केला. मी घाईघाईने प्रोफाइलवरचा माझा गॉगलवाला फोटो काढून गणपती लावला. खरे सावे सर हेमंतला 'ए, शेवटचा बाक' म्हणतात. त्याचं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

जानेवारीत बोरिवलीहून गोरखपूरची गाडी पकडली. समोरच्या बाकावर तारापूरच्या कारखान्यात काम करणारे एक चाचा होते, सुट्टीवर गावी निघालेले. मी ऐटीत सांगितलं, "हम लोग फॉरेन जा रहे हैं. नेपाल."

"नेपाल?" चाचा म्हणाले. "हमारे गाँव के लड़के तो साइकिल से चले जाते हैं. सामान लेने."

श्रद्धा आमच्या वर्गाची हजेरी क्रमांक एक आणि माझी टीकाकार क्रमांक एक. ती दीड दिवस मला बघून तोंडाने सायकलची घंटी वाजवत होती.

त्याच गाडीत, वरच्या बर्थवर, हेमंतने मला सांगितलं की त्याला एम.कॉम. करायचंय. "पन पप्पांना सांगता येत नाय," तो म्हणाला. "समोर बसलो की मासळी, डिझेल, वारा, एवढंच बोलनं होतं आमचं."

मी म्हटलं, "सरांच्या आवाजात सांगू का?"

तो हसला. मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखं होतं.

सोनौलीला सीमा आहे. मी पासपोर्ट हातात धरून, छाती काढून अधिकाऱ्यापुढे उभा राहिलो. त्याने मतदार कार्ड बघितलं, पासपोर्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"स्टॅम्प मारो ना, साहब. घर पे दिखाना है."

"इंडियन को नहीं लगता. आगे बढ़ो, पीछे लाइन है."

कमान ओलांडली आणि मोबाइलवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे सरकलं. नेपाळ आपल्यापेक्षा तेवढंच पुढे आहे. म्हटलं, चला, कायतरी बदललं!

"लोकं दहा-बारा तास मागंपुढं जातात," श्रद्धा म्हणाली. "तू पंधरा मिनिटांचा फॉरेन रिटर्न."

तिथून दिवसभर बस. रस्ता डोंगराच्या कमरेला बांधल्यासारखा आणि खाली त्रिशूली नदी, हिरवीगार, दगडांवर आपटत चाललेली. हेमंत खिडकीला नाक लावून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ही एकाच बाजूला पळते रे. परत येतच नाय." ज्याने रोज भरती-ओहोटी बघितलीय त्याला नदीचं हे वागणं पटत नव्हतं.

काठमांडूला पोचलो तेव्हा थंडीने माझे दात स्वतःच नकला करायला लागले होते. मी आणलेला एकुलता एक विंडचीटर माहीमच्या समुद्रवाऱ्यासाठी शिवलेला. हॉटेल गल्लीत. गरम पाणी खालून बादलीने आणायचं आणि बादली एका मजल्याला एक. सावे सर माकडटोपी घालून, बादली घेऊन जिन्यात उभे असत. त्या अवस्थेत त्यांची नक्कल करायचीही गरज उरली नव्हती.

जेवायला कोपऱ्यावरच्या एका बाईंकडे जायचो. तिथे त्यांना साहुनी (मालकीणबाई) म्हणतात. ताटात वरण, भात, मोहरीचा पाला आणि गुन्द्रुक, म्हणजे आंबवून सुकवलेला पाला. गुन्द्रुक पहिल्या घासाला विचित्र लागतो आणि तिसऱ्याला आपण वाटी पुढे करतो. साहुनी भाताचं पातेलं घेऊन फिरत विचारायच्या, "भात थपौं?" (अजून वाढू?) मी त्यांच्याच सुरात, मान तशीच वाकडी करून म्हटलं, "भात थपौं?" सगळे हसले, साहुनी तर पदर तोंडावर घेऊन हसल्या, आणि बक्षीस म्हणून माझ्या ताटात डोंगर केला. संपवावा लागला. त्या रोज माझीच वाट बघायच्या, पातेलं घेऊन.

स्वयंभूच्या स्तूपाच्या टेकडीवर तीनशेच्या वर पायऱ्या आणि माकडं. मी माकडाची नक्कल केली. माकडाला ती आवडली नाही. त्याने माझी टोपी नेली, घालून बघितली आणि फेकून दिली. इतका स्पष्ट अभिप्राय मला आजवर कुणी दिलेला नाही.

आवडला तो असनचा बाजार. मसाले, पितळी भांडी, लोकरीचे गुंडे, आणि एका टोपलीपाशी आमचा हेमंत एकदम थांबला. सिद्रा (नदीतली बारीक सुकी मासळी). त्याने मूठभर उचलली, वास घेतला, दोन बोटांत मोडून बघितली.

"दीदी, ये ठीक से सूखा नहीं है. दमट है."

विकणारी बाई रागावली नाही. म्हणाली, "यहाँ धूप कम है, भाई. तुम्हारे यहाँ कैसे सुखाते हैं?"

आणि वर्गात तोंड न उघडणारा हेमंत अर्धा तास बोलला. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील कसे अडकवतात, कुठल्या वाऱ्याला सुकतात, पावसाचा वास आला की कसे उचलतात. बाईने शेवटी विचारलं, "समुन्दर कितना बड़ा होता है?" हेमंतने इकडेतिकडे पाहिलं, सगळीकडे डोंगर. "इतना," म्हणाला, "कि ये सब नहीं हो, तब जितना दिखेगा." मला एवढं चांगलं कधी बोलता आलेलं नाही. कुणाच्याच आवाजात.

त्याच दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरपाशी, जिथे वायफाय मिळायचं, आम्ही तिघं बसलो होतो. मी, हेमंत आणि श्रद्धा. माझा फोन वाजला. हेमंतचे पप्पा. मी स्पीकर लावला, घसा साफ केला.

"बोला काका. असं आहे बघा, हेमंत एकदम मजेत आहे, हं?"

"सर, एक इचाराचं होतं." काकांचा आवाज वेगळाच होता, बारीक. "माजा एक खलाशी सुटला. दुसरा ठेवाचा तर उद्या सांगाला पायजे. नायतर परीक्षा झाली का हेमंतलाच घेतो बोटीवर, कायमचा. तो मला कायच बोलत नाय. पन तुमी बोल्लाव ना, पोरगा हुशार हाय म्हनून. तवापासून झोप नाय मला. तुमी सांगा सर. तुमी सांगाल तसा करतो."

मी हेमंतकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

काय अवघड होतं? 'असं आहे बघा, शिकू द्या, हं?' चार सेकंदांचं काम. तोंड उघडलं आणि काही निघालंच नाही. एका बापाने आपल्या पोराचं आयुष्य माझ्या हातात ठेवलं होतं, आणि मी त्याला गणपतीचा फोटो लावून फसवत होतो.

"सर? ऐकताव ना?"

"असं... असं आहे बघा..."

"रुप्या," श्रद्धा दातांतून म्हणाली. "मागं."

मागे सावे सर. माकडटोपी, हातात बादली. किती वेळ उभे होते देव जाणे. त्यांनी बादली खाली ठेवली आणि फोनसाठी हात पुढे केला. मी दिला.

"नमस्कार. मी प्राध्यापक सावे बोलतोय."

"कोन?"

"सावे. कॉलेजातला शिक्षक."

"ओ, मस्करी नको," काका करड्या आवाजात म्हणाले. "सरानला द्या फोन."

"अहो, मीच सर आहे!"

"सर असं नाय बोलत. आमचे सर कसे मायेनं बोलतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. मग, आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम, नाकातून म्हणाले, "असं आहे बघा, हं?"

"हां! आता कसं!" काका खूश झाले. "सांगा सर."

श्रद्धाने शालीत तोंड खुपसलं. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मी कोण सांगणार? मुलगा शेजारीच आहे. त्याला विचारा. हेमंत, बोल." नाव घेतलं त्यांनी.

हेमंतने फोन घेतला. स्पीकर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"पप्पा." त्याने फोन दोन्ही हातांत धरला. "पप्पा, मला पुढं शिकाचं हाय. एम.कॉम. शनवार-आयतवार पन अभ्यास करावा लागंल परीक्षेपर्यंत. बोट नको असं नाय. पन आता नको."

पलीकडे कुत्रा भुंकला, कुणाची तरी मोटारसायकल गेली. काका म्हणाले, "घरी ये. बघू." आणि फोन बंद.

'बघू' म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणालाच कधी कळत नाही.

आता सर मला फाडून खाणार असं वाटलं. त्यांनी विचारलं, "मी खरंच असा बोलतो?"

"नाय सर," श्रद्धा म्हणाली. "तुम्ही जास्त बोलता."

सरांनी बादली उचलली. जिन्यावरून वळून मला म्हणाले, "हेमंतच्या वडिलांना तू स्वतः सांगायचंस. पालघरला उतरल्या उतरल्या. मी शेजारी उभा राहणार, बोलणार नाही."

परतीचा प्रवास मला आठवत नाही. नदी होती, कमान होती, पंधरा मिनिटं परत मिळाली, ती कुठे वापरू ते कळलं नाही. मी दोन दिवस मनात वाक्यं पाठ करत होतो आणि हेमंत खिडकीतून बाहेर बघत होता. बोरिवलीला उतरून गाडी बदलली तरी माझं पाठांतर चालूच.

पालघर स्टेशनबाहेर काका उभे होते. पांढरा शर्ट, उन्हाने काळवंडलेला चेहरा. हेमंतची बॅग त्यांनी काढून घेतली, पोराकडे नीट बघितलंही नाही. सर दोन पावलांवर हाताची घडी घालून उभे. मी पुढे झालो, तोंड उघडलं आणि भीतीने भलतंच निघालं.

"असं आहे बघा, काका..."

काका चमकले. सरांकडे बघितलं. सरांचं तोंड बंद होतं. मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

"मीच होतो," मी म्हटलं. आवाज इतका किरटा आला की माझा आहे हे मलाच पटेना. "पहिल्या फोनपासून. सरांनी कधीच फोन केला नव्हता."

"म्हंजे पोरगा हुशार हाय ते पन तूच बोल्लास?"

"हो."

काकांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. ते नुसते बॅगेचा पट्टा चाचपत राहिले.

"पण काका, आवाज तेवढा सरांचा होता. बोलणं माझं होतं. मी तीन वर्षं त्याच्या शेजारी बसतो. तो आहे हुशार."

रिक्षावाले 'माहीम, केळवा' ओरडत होते, त्यांचा आवाजही मला काढता आला नसता तेव्हा.

"नवा खलाशी ठेवला मी," काका शेवटी म्हणाले. "पोरगा शिकूंदे. पन शनवार-आयतवारची हेमंतची जागा रिकामीच हाय."

"कोण येणार मग?" मी विचारलं. एवढा मूर्ख मीच.

"तू."

"काका, परीक्षा मलापन आहे!"

"तू नापासच होनार, काल फोनवर हेमंत बोल्ला मला." आणि हेमंत आठ दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसला.

त्या शनिवारी उजाडताना मी एडवणच्या किनाऱ्यावरून बोटीत चढलो. पासपोर्ट घरी कपाटात, कोराच्या कोरा. किनारा पुसट झाला, माडांचे शेंडे बुडाले आणि चारी बाजूंना ते आलं, जे हेमंतने त्या बाईला सांगितलं होतं. मी काठमांडूपर्यंत जाऊन आलो होतो, पण घरापासून इतका लांब कधीच नव्हतो.

"ए नकल्या," नवा खलाशी म्हणाला, "तांडेल सांगत होते, तू कुनाचा पन आवाज काढतोस. काढ ना एक."

बोट एका लाटेवर चढली आणि पलीकडे धपकन उतरली. मी काठाला धरून समुद्राकडे तोंड केलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडातून असा आवाज निघाला, जो अजिबात कुणाचा उचललेला नव्हता.