मेरेरीडचा अंगठा

वेल्समधल्या कार्मार्थनजवळच्या मेरेरीड बेननचा हवामानखात्यावर भरवसा नव्हता, नवरा इद्वालवर तर नव्हताच. भरवसा होता तो स्वतःच्या अंगठ्यावर. गाईंच्या क्षयाच्या चाचणीची सुई मानेत टोचली, की तिसऱ्या दिवशी गुरांचा डॉक्टर येऊन तिथे गाठ उठली का ते बघतो. पण तोवर दम धरेल ती मेरेरीड कसली! दुसऱ्याच दिवशी दूध काढताना ती एकेक मान चाचपून मोकळी व्हायची. आमच्याकडे हे सगळेच करतात, कबूल कुणी करत नाही. गाठ म्हणजे गाय कत्तलखान्यात. मागे एकदा मेरेरीडचा अर्धा गोठा असाच रिकामा झाला होता.

म्हणूनच क्षयावरच्या नव्या लसीची परीक्षा घ्यायला गोठे हवे होते, तेव्हा तिने आपणहून आपला पुढे केला. तरण्या गेथिन डॉक्टरने आधी लस टोचली आणि काही महिन्यांनी चाचणी केली, मानेच्या उजवीकडे जुनी, डावीकडे नवी. दोन कशाला, तेही त्याने नीट समजावलं. मेरेरीड मान डोलावत होती, पण लक्ष सगळं तव्यावर भाजत असलेल्या वेल्श केकांकडे.

दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा सवयीने उजवीकडेच गेला. तिच्या लाडक्या शानीच्या मानेवर टपोरी गाठ होती. संध्याकाळी ती टोपलीतली सफरचंदं शानीला चारताना इद्वालला दिसली.

"वा! गाईला सफरचंदं, आणि मला सालं?"

"खाऊ दे तिला. ती चाललीय."

इद्वाल खरारा घेऊन शानीचं अंग साफ करत बसला.

तिसऱ्या दिवशी गेथिन आला तेव्हा मेरेरीडने शानीचं दावं त्याच्यापुढे धरलं. "हिला लिहून घे. मला कळलंय सगळं."

"मावशी, कुठली बाजू चाचपलीत?"

"नेहमीची."

गेथिनला हसू आवरेना. "अहो, ती गाठ लसीमुळे आलीय. लस टोचलेल्या गाईवर जुनी चाचणी फसते, म्हणून तर नवी आणलीय. डावीकडे बघा."

मेरेरीडने डावीकडे अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कातडी सपाट होती. ती शानीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मागे रांगेतल्या गाई हंबरायला लागल्या, गेथिनने दोनदा "पुढची आणा" म्हटलं, तरी मेरेरीड काही शानीची मान सोडेना.