नावाची जागा

सोमवारी दुपारी साडेबारा वाजता पुण्यातल्या डॉक्टरांनी ईश्वरीच्या फाइलवर लिहिले : एडीएचडीची शंका, निदान राखून ठेवले. ईश्वरी माझी मुलगी. वय नऊ, चौथीत.

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्ष एका जागी टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, मनात येण्याआधी हात चालतो. मूल लबाडी करत नसते. हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी तिला दोन वर्षे मारत होते.

आम्ही पिंपरी पेंढारला राहतो. घराला लागून ऊस आहे आणि उसात बिबट्या. सहाच्या आत शेळ्या कोंडून दाराला कडी घालायची, एवढे एकच काम ईश्वरीकडे होते. श्रावणात एका संध्याकाळी कडी घालताना तिला पाखरू दिसले आणि ती त्याच्यामागे गेली. बिबट्याने करडू नेले. ती उसाच्या कडेला उभी होती, दहा पावलांवर.

"लावली व्हती गं आई कडी. निम्मी," ती म्हणाली.

दीर म्हणाले, "वहिनी, हिला शेळ्या राखायला ठेवू नका. शेळ्यांना हिला राखायला ठेवा." सगळे हसले. तीही हसली.

तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासले, नीट. डोळे नीट. रक्त नीट. तिथून पुण्याची चिठ्ठी मिळाली. पहिल्या भेटीत बाकावर तीन तास गेले. तेवढ्यात ईश्वरी दोनदा जिन्यापर्यंत पोचली.

त्या भेटीत दोन प्रश्नावल्या मिळाल्या, एक घरची, एक शाळेची. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन : कधीच नाही, कधी कधी, नेहमी. मी बहुतेक ठिकाणी नेहमीवर खूण केली. शाळेचे पाकीट बंद आले. सोमवारी डॉक्टरांनी ते उघडले. सगळीकडे कधीच नाही.

"लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावी लागतात," डॉक्टर म्हणाले. "शाळा म्हणते मुलगी ठीक आहे. या कागदावर मी औषध सुरू करू शकत नाही." त्यांनी शाळेसाठी कोरी प्रश्नावली पुन्हा दिली.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी पाकीट बंद होण्याआधी वर्गशिक्षकांशी बोलून घ्यावे. मी बोलले नव्हते.

मंगळवारी शाळेत गेले. बाई मायेच्या आहेत. ईश्वरीला त्यांनी आपल्या टेबलाला लावून बसवले आहे.

"ताई, मला काय दिसत नाय का? तिची चप्पल रोज मीच हुडकते," बाई म्हणाल्या. "पण पोरीची जात हाय, कागदावर कसं लिहू? उद्या सोयरिकीच्या टायमाला कुणी काढलं म्हंजे?"

"बाई, बिबट्या सोयरीक बघून येत नाय," मी म्हणाले.

बाईंनी मी नेलेली कोरी प्रश्नावली ओढली आणि एकेक खूण केली. चौदा ठिकाणी नेहमी. खाली सही केली. वर मुलाचे नाव लिहायची जागा मोकळी ठेवली.

"तेवढं तुमच्या हातानं घाला, ताई."

आज शनिवार. परवा सकाळी दहाला पुण्याची वेळ आहे. शेळ्यांच्या दाराची कडी आता मी घालते. कागद पिशवीत आहे. पेन दोनदा बाहेर काढले. नाव अजून घातलेले नाही.